ताजं चित्र, शिळा ढग

विज्ञानाची पोतडी



या आठवड्याच्या पोतडीत एक फार छान पत्र सापडलंय. ते आलंय जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याहून, आठवीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीचं. ती लिहिते :

"आमच्या गावावरून कधी कधी एकाच पंख्याची छोटी विमानं जातात. बाबा म्हणतात, ती शिकाऊ विमानं आहेत. मे महिन्यात दुपारनंतर आमच्याकडे एकदम काळं आभाळ भरून येतं, वारा सुटतो, धूळ उडते आणि वळवाचा पाऊस कोसळतो. तेव्हा या छोट्या विमानांचं काय होत असेल? मोठ्या विमानांच्या नाकात रडार असतं, असं मी वाचलंय. पण मामाच्या मोबाइलवरसुद्धा रडारचं चित्र दिसतं. हिरवे, पिवळे, लाल ठिपके असतात. तसंच चित्र छोट्या विमानातल्या वैमानिकासमोर ठेवलं, की लाल ठिपके चुकवत तो सहज निघून जाईल. मग वादळाला घाबरायचं कशाला?"

वा! प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. गंमत म्हणजे ही कल्पना जगात खरोखर अमलात आलेली आहे. अमेरिकेत हजारो छोट्या विमानांमध्ये असा पडदा असतो आणि त्यावर रडारचं रंगीत चित्र दिसतं. त्यानं पुष्कळांचे जीव वाचवले आहेत. पण त्याच चित्रावर जरा जास्तच विश्वास टाकल्यामुळे काही जणांचे जीव गेलेही आहेत. हे कसं, ते आज पाहू या.

आपल्या खानदेशातली छोटी विमानं

आधी ही विमानं कुठून येतात ते सांगतो. धुळ्याजवळ गोंदूरला विमानतळ आहे. जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबनं तिथे वैमानिकांच्या प्रशिक्षणाचं केंद्र काढलं. हा क्लब १९२८ सालचा, म्हणजे फार जुना. शिरपूरजवळही धावपट्टी आहे, आणि जळगावच्या विमानतळावरही वैमानिकांना शिकवलं जाऊ लागलं. म्हणजे पारोळ्याच्या तिन्ही बाजूंना उडायला शिकणारी मुलं-मुली आहेत!

शिकण्यासाठी जगभर वापरलं जाणारं एक विमान म्हणजे सेसना १७२. चार माणसं बसतील एवढं. माणसं, इंधन, सामान सगळं धरून त्याचं वजन एक टनाच्या थोडंसं वर जातं. एखाद्या मोटारीपेक्षा फार जास्त नाही! ते तासाला दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर वेगानं उडतं आणि फार तर चार किलोमीटर उंच जाऊ शकतं.

आता समोर वळवाचा ढग उभा करा. शास्त्रज्ञ त्याला कुम्युलोनिम्बस म्हणतात. हा खाली काळाकुट्ट असतो आणि वर लोहाराच्या ऐरणीसारखा पसरलेला असतो. त्याची उंची पंधरा किलोमीटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त. सेसनाला त्याच्या डोक्यावरून जाता येत नाही. त्याच्या पोटात शिरावं, तर तिथे वर जाणारा वारा तासाला शंभर किलोमीटरहून वेगवान असू शकतो आणि शेजारीच तेवढ्याच जोरात खाली कोसळणारा वारा! शिवाय गारा, विजा आणि बर्फ. त्याच्या खालून जावं, तर मुसळधार पाऊस आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरणारे वारे. उरला एकच मार्ग, लांबून वळसा घालायचा.

किती लांबून? मोठ्या वादळापासून निदान वीस मैल दूर राहा, असा वैमानिकांना सल्ला असतो. म्हणजे साधारण पस्तीस किलोमीटर. धुळे ते पारोळा सरळ रेषेत जवळजवळ एवढंच अंतर आहे. म्हणजे धुळ्यावर मोठं वादळ उभं असेल, तर पारोळ्यावर असलेलं विमानसुद्धा 'जवळ' समजायचं!

आवाज देऊन बघणारं यंत्र

रडार काम कसं करतं? विहिरीत डोकावून "ओऽऽ" केलं, की आवाज परत येतो. रडारही तेच करतं, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरी वापरतं. लहरींचा एक छोटासा झोत पाठवायचा आणि कान देऊन बसायचं. वाटेत पावसाचे थेंब असले, तर थोड्या लहरी त्यांच्यावर आपटून परत येतात. परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. शंभर किलोमीटरवरच्या पावसापर्यंत जाऊन परत यायला त्यांना सेकंदाचा एक हजारावा भागसुद्धा लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमानं शोधायला रडार वापरत. तेव्हा पडद्यावर पावसाचे डाग दिसायचे आणि रडारवाले वैतागायचे. युद्ध संपल्यावर हवामानशास्त्रज्ञ म्हणाले, "तुम्हाला नको असलेले ते डाग आम्हाला द्या!" नकोसा वाटणारा कचरा असा कामाला आला.

आता एक आश्चर्य. थेंबाची रुंदी दुप्पट झाली, तर परत येणारी लहर किती पट होईल? दुप्पट? चौपट? नाही, चौसष्ट पट! दोनला सहा वेळा मांडून गुणा, म्हणजे उत्तर मिळेल. म्हणून टपोऱ्या थेंबांचा पाऊस रडारवर लालभडक दिसतो आणि भुरभुर पाऊस फिकट हिरवा. ढगातले अगदी बारीक जलकण तर त्याला बहुतेक दिसतच नाहीत. धुकं दिसत नाही. कोरडा वारा दिसत नाही. वीजही दिसत नाही. हे पक्कं लक्षात ठेवा. रडारवर ढग दिसत नाही, ढगातले थेंब दिसतात. पडदा कोरा आहे म्हणजे आभाळ मोकळं आहे, असं नाही.

मग छोट्या विमानाच्या नाकात रडार का नाही?

कारण सोपं आहे. त्याच्या नाकात इंजिन आणि पंखा असतो! रडारची थाळी बसवायला जागाच नाही. काही विमानांत ती पंखाखाली डब्यात बसवतात, पण ती लहानच ठेवावी लागते. आणि थाळी जेवढी लहान, तेवढा झोत पसरट. विमानातलं रडार साधारण तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरतं. एक फूट रुंदीच्या थाळीतून निघालेला असा झोत पन्नास किलोमीटरवर गेला, की सुमारे सहा किलोमीटर रुंद झालेला असतो. जाड खडूनं बारीक नकाशा काढावा, तसं होतं ते.

दुसरी अडचण जास्त धोक्याची आहे. जोरदार पाऊस समोर असला, की रडारच्या लहरी त्यातच संपून जातात. त्याच्या पलीकडे काय आहे ते दिसत नाही. पडद्यावर पलीकडचा भाग काळा, म्हणजे मोकळा वाटतो. महामार्गावर ट्रकच्या मागे असताना पुढचा रस्ता दिसत नाही, म्हणून तो रिकामा आहे असं कुणी समजतं का? पण पडदा तसं भासवतो.

अशीच फसगत ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात झाली. सदर्न एअरवेजचं २४२ क्रमांकाचं प्रवासी विमान प्रचंड वादळाजवळ आलं. विमान मोठं होतं, डीसी-९. नाकात स्वतःचं रडार होतं. त्याच्या भरवशावर ते वादळांच्या पट्ट्यात शिरलं. पाणी आणि गारा एवढ्या आत गेल्या, की दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान न्यू होप या गावच्या रस्त्यावर उतरवायचा प्रयत्न केला. विमानातली आणि जमिनीवरची मिळून ७२ माणसं दगावली. चौकशीनंतर जी कारणं पुढे आली, त्यांत दोन आपल्या कामाची आहेत. वादळाची ताजी माहिती वैमानिकांना पोचली नव्हती, आणि त्यांनी वादळातून वाट काढण्यासाठी विमानातल्या रडारवर भिस्त ठेवली होती. हे रडार वादळ टाळण्यासाठी असतं, वादळाच्या पोटातून वाट शोधण्यासाठी नाही.

जमिनीवरचं चित्र आभाळात

मग लोकांनी विचार केला, जमिनीवर मोठमोठी रडारं आहेतच. त्यांच्या थाळ्या आठ-नऊ मीटर रुंद असतात, झोत बारीक असतो. त्यांचंच चित्र विमानात पाठवू या! अमेरिकेत अशी दीडशेहून जास्त रडारं आहेत. त्या सगळ्यांची चित्रं जोडून एक मोठी गोधडी शिवतात आणि उपग्रहावरून किंवा जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून ती विमानात पाठवतात. वैमानिकाच्या समोर नकाशा, नकाशावर त्याचं इवलंसं विमान आणि भोवती रंगीत पाऊस. आपल्या पारोळ्याच्या मैत्रिणीला हवं होतं ना, अगदी तस्संच!

पण एक मिनिट. ही गोधडी शिवायला वेळ किती लागतो?

रडारची थाळी आधी खालच्या कोनात गोल फिरते, मग थोडी वर होऊन पुन्हा फिरते, मग आणखी वर. सगळं आभाळ असं तपासून व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात. मग ते चित्र मुख्य ठिकाणी जातं. तिथे इतर रडारांची चित्रं येईपर्यंत थांबावं लागतं. मग जोडणी, मग पाठवणी, मग विमानातल्या यंत्रावर ते उमटणं. शेवटी चित्राच्या कोपऱ्यात लिहून येतं, 'एक मिनिट जुनं'.

हे एक मिनिट कशाचं? गोधडी शिवून झाल्यापासूनचं! पाऊस पाहिल्यापासूनचं नव्हे.

घरातलं उदाहरण घ्या. दुधाच्या पिशवीवर तारीख असते. ती दूध पिशवीत भरल्याची. गोठ्यात धार कधी काढली, ते पिशवीवर कुठे लिहिलेलं असतं? सकाळचं दूध डेअरीत गेलं, तापलं, थंड झालं, पिशवीत बसलं आणि मग त्यावर शिक्का पडला. रडारच्या चित्राचंही तसंच आहे. शिक्का ताजा, पण आतला ढग शिळा.

अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळानं जून २०१२ मध्ये सगळ्या वैमानिकांना हाच इशारा दिला. पडद्यावर लिहिलेल्या वयापेक्षा चित्र प्रत्यक्षात जास्त जुनं असू शकतं, आणि फारच वाईट परिस्थितीत ते पंधरा-वीस मिनिटांनी जास्त जुनं असू शकतं, असं मंडळानं सांगितलं. त्या इशाऱ्यात दोन अपघात नोंदले आहेत. पहिला मार्च २०१० मध्ये टेनेसी राज्यातल्या ब्राउन्सव्हिलजवळ झाला. रुग्णाला पोचवून आपल्या तळावर परतणारं ते हेलिकॉप्टर होतं. वादळाच्या आधी घरी पोचू, असा वैमानिकाचा हिशेब होता. त्याच्या पडद्यावर चित्र एक मिनिट जुनं होतं आणि वादळ तळापासून अजून थोडं दूर दिसत होतं. प्रत्यक्षात चित्र पाच मिनिटं जुनं होतं आणि वादळ तळावर येऊन पोचलं होतं! हेलिकॉप्टरमधले तिघेही गेले. दुसरा अपघात डिसेंबर २०११ मध्ये टेक्सासमध्ये ब्रायन गावाजवळ झाला. एका छोट्या विमानातले पाच जण त्यात दगावले.

चार मिनिटांचा फरक! तुमच्या-आमच्या घड्याळात चार मिनिटं म्हणजे चहाला उकळी येण्याइतका वेळ. आभाळात तेवढ्यात सगळं बदलतं.

थोडं गणित, आपल्या रस्त्यावरचं

समजा, वादळ धुळ्याहून पारोळ्याकडे तासाला ४८ किलोमीटर वेगानं निघालंय. म्हणजे एका मिनिटात ०.८ किलोमीटर.

पाच मिनिटांत ते ४ किलोमीटर पुढे येईल.
दहा मिनिटांत ८ किलोमीटर.
वीस मिनिटांत १६ किलोमीटर.

अंतर ३६ किलोमीटर धरलं, तर वीस मिनिटं शिळ्या चित्रात वादळ धुळ्यावर दिसत असताना, खरं वादळ जवळजवळ अर्ध्या वाटेवर आलेलं असतं. आणि विमान थांबून थोडंच राहतं? तेही वीस मिनिटांत सत्तर किलोमीटर पुढे गेलेलं असतं! शिवाय ढग नुसता सरकत नाही, तो वाढतोही. मे महिन्यात तुम्ही पाहिलं असेल, दुपारी तीनला कापसाच्या बोंडाएवढा दिसणारा ढग साडेतीनला डोंगराएवढा होतो. जुन्या चित्रात तो कदाचित नसेलच.

म्हणून दोन लाल ठिपक्यांमधली फट पाहून वैमानिकानं त्यात कधीच शिरू नये, असं शिकवतात. ती फट दहा मिनिटांपूर्वीची असते. कदाचित एव्हाना बुजलेली असते.

आता आपल्याकडचं पाहू. मुंबईत कुलाब्याला हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे. तिथून पारोळा सरळ रेषेत सुमारे ३३० किलोमीटर. रडारचा झोत सरळ जातो, पण पृथ्वी गोल आहे. त्यामुळे जमीन झोताच्या खाली खाली जात राहते. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला झोत पारोळ्यापर्यंत येईतो जमिनीपासून सुमारे नऊ किलोमीटर उंच गेलेला असतो. एव्हरेस्टपेक्षाही उंच! म्हणजे फक्त या एका रडारचं चित्र पाहिलं, तर पारोळ्यावरच्या उंच वादळाचा नुसता माथाच दिसेल. बुटका ढग खाली मनसोक्त बरसत असला, तरी दिसणार नाही. म्हणून नुसतं चित्र पाहून चालत नाही. कुठलं रडार, किती दूरचं, हेही विचारावं लागतं.

रडार आणि छोटं विमान यांची जोडी जमली, तर ती फार उपयोगीही पडते. २०१९ साली मराठवाड्यात दुष्काळ होता. तेव्हा औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला. जमिनीवरचं रडार योग्य ढग शोधायचं आणि मग विमान त्या ढगाकडे जायचं. पडदा दिशा दाखवतो, पण ढगाशी गेल्यावर काय करायचं ते ठरवायला वैमानिकाचे डोळे लागतात.

जुन्या जाणत्यांचीही फसगत

तुम्हाला वाटेल, हे सगळं नवशिक्यांचं. अनुभवी माणूस कसा चुकेल? तर ऐका. स्कॉट क्रॉसफिल्ड नावाचे एक महान चाचणी-वैमानिक होते. २० नोव्हेंबर १९५३ रोजी आवाजाच्या दुप्पट वेगानं उडणारे ते जगातले पहिले माणूस ठरले. पुढे त्यांनी एक्स-१५ हे रॉकेट-विमानही उडवलं. १९ एप्रिल २००६ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते आपल्या छोट्या सेसना २१० मधून एकटे घरी निघाले होते. जॉर्जियावर वादळं होती. त्यांचं विमान त्यात सापडलं आणि कोसळलं. चौकशीत दोन गोष्टी ठरल्या. त्यांनी वाटेत हवामानाची नवी माहिती घेतली नाही आणि जमिनीवरच्या नियंत्रकानंही त्यांना वादळ टाळायला आवश्यक ती मदत केली नाही.

दोघांपैकी एकानं जरी एक वाक्य उच्चारलं असतं, "पुढे काय आहे?" किंवा "पुढे वादळ आहे!", तर? पन्नास वर्षांचा अनुभवसुद्धा निघतानाच्या बातमीवर तासभर चालत नाही. ढग माणसाचं मोठेपण ओळखत नाही.

मग शिकाऊ वैमानिक काय करतात?

शिकायला लागलेले वैमानिक डोळ्यांना दिसेल तेवढ्यावरच उडतात. त्याचे नियम ठरलेले असतात. समोर निदान पाच किलोमीटरपर्यंत दिसलं पाहिजे. ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं तीनशे मीटर लांब राहिलं पाहिजे. निघण्याआधी हवामानाचा अहवाल वाचायचा, वाटेत रेडिओवर विचारत राहायचं आणि शंका आली तर उडायचंच नाही किंवा मागे फिरायचं. मागे फिरणं यात कमीपणा नाही. जमिनीवर बसून 'आता आपण वर असायला हवं होतं' असं वाटलेलं परवडतं. वर असताना 'आता आपण खाली असायला हवं होतं' असं वाटणं फार महागात पडतं!

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल घेऊन आले, ते पस मॉथ या एका इंजिनाच्या इवल्याशा विमानातून. तेव्हा रडार नव्हतंच. डोळे, नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र, एवढ्यावर सारं काम! आज पडदे आले ते चांगलंच झालं. पण डोळ्यांना सुट्टी देण्यासाठी ते आलेले नाहीत.

तर आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर असं. पडद्यावरचं चित्र फार उपयोगी आहे. ते शंभर किलोमीटर आधी सांगतं, "इकडून नको, तिकडून जा." लांबचा वळसा ठरवायला ते उत्तम. पण 'या ढगाच्या डावीकडून जाऊ की उजवीकडून?' हे ठरवायला ते चालत नाही. नकाशा म्हणून वापरा, खिडकी म्हणून नको!

करून पाहा : शिळ्या ढगाचा खेळ

हा खेळ दोघांनी खेळायचा. एक 'ढग', दुसरा 'वैमानिक'. दोघांनी आपापल्या कागदावर दहा बाय दहा घरांचा पट काढा. एकमेकांचा पट बघायचा नाही.

१. ढग तीन बाय तीन, म्हणजे नऊ घरांचा. ढगवाल्यानं त्याचं मधलं घर डावीकडून दुसऱ्या रकान्यात, खालून पाचव्या ओळीत ठेवायचं. प्रत्येक खेळीत ढग एक रकाना उजवीकडे सरकतो. सरळ सरकायचं, तिरकं वर की तिरकं खाली, ते ढगवाला ठरवेल. प्रत्येक जागा त्यानं आपल्या पटावर लिहून ठेवायची.

२. पहिल्या तीन खेळ्या फक्त ढग चालतो. मग विमान निघतं. ते सगळ्यात खालच्या ओळीतून, सहाव्या, सातव्या किंवा आठव्या रकान्यातून सुटतं. त्याला सगळ्यात वरच्या ओळीत पोचायचं आहे. दर खेळीला वर, डावीकडे किंवा उजवीकडे एक घर जायचं.

३. दर खेळीआधी ढगवाला जागा सांगतो, पण तीन खेळ्यांपूर्वीची! वैमानिकानं तेवढ्यावरून ढग आता कुठे असेल ते ओळखायचं. मग दोघांनी एक-एक घर सरकायचं. विमान कुठे गेलं ते वैमानिकानं मोठ्यानं सांगायचं. ते ढगाच्या नऊ घरांत सापडलं, की डाव संपला.

असे दहा डाव खेळा. मग दहा डाव ढगाची आत्ताची खरी जागा सांगून खेळा. किती वेळा विमान सुखरूप पोचलं, त्याचा तक्ता करा. आणखी दहा डाव असे खेळा, की जागा शिळीच सांगायची, पण वैमानिकानं ढगापासून पाच घरं लांब राहायचं. बघा काय फरक पडतो!

आपल्या जमिनीवरच्या आभाळासाठी

तुमच्यापैकी फारच थोडे जण उद्या विमान चालवतील. पण शेतात, मैदानावर, शाळेच्या वाटेवर सगळेच असतात. आता हवामानाची चित्रं फोनवर दिसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' हे ॲप विजेची सूचना देतं. ते जरूर वापरा. पण चित्र बघताना पहिली नजर रंगांकडे नव्हे, वेळेकडे टाका. कित्येकदा त्यावर जागतिक प्रमाणवेळ लिहिलेली असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले, की आपली वेळ येते. चित्रावर ०९:४० असेल, तर ते आपल्या दुपारी तीन वाजून दहा मिनिटांचं. तुमच्या घड्याळात साडेतीन झाले असतील, तर ढग वीस मिनिटं शिळा!

आणि फोन नसला, तरी तुमच्याजवळ एक झकास यंत्र आहे. वीज चमकली, की "एक हजार एक, एक हजार दोन" असे सावकाश सेकंद मोजा. गडगडाट ऐकू येईतो जेवढे सेकंद झाले, त्याला तीननं भागा. आलं तेवढे किलोमीटर वीज दूर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत. मग थांबायचं नाही. पक्क्या घरात शिरायचं. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये नाही, विहिरीच्या काठावर तर मुळीच नाही. शेवटचा गडगडाट झाल्यावरही अर्धा तास आतच राहायचं.

पालकांसाठी दोन शब्द : "चित्रात तर पाऊस अजून लांब आहे, तेवढी चार सरी निंदून घेऊ," असा मोह शेतात होतो. मुलांना सोबत नेलं असेल, तर हा हिशेब चित्रावर करू नका, आभाळाकडे बघून करा. आणि मूल म्हणालं, "बाबा, गडगडलं, चला!" तर त्या दिवशी त्याचं ऐका.

या आठवड्याचा प्रश्न : एक वादळ तासाला ६० किलोमीटर वेगानं पारोळ्याकडे येतंय. फोनवरच्या चित्रात ते २५ किलोमीटर दूर दिसतंय, पण चित्र १५ मिनिटं जुनं आहे. पारोळ्यातल्या मुलांना घरी पोचायला १२ मिनिटं लागतात. ती कोरडी पोचतील का? उत्तर रीतीसह पाठवा. खेळाचा तक्ताही जोडलात, तर फार आवडेल.

पुढच्या आठवड्यात पाहू या, गारा गोल का असतात आणि मधोमध चिरल्या तर आत कांद्यासारखे पदर का दिसतात! तोवर आभाळाकडे लक्ष असू द्या.